तिसरा डिस्प्ले मागवण्याआधी: घरी बनवलेल्या गेम कन्सोलचा पांढरा पडदा, पट्टे आणि उलटे रंग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपचा डेव्हकिट बोर्ड, २.८ इंची आयएलआय९३४१ चा एसपीआय (मोजक्या वायरींवरून डेटा नेणारी जोडणी) डिस्प्ले, एक लिथियम सेल, टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल, पॅम८४०३ चा छोटा ॲम्प्लिफायर आणि काही बटणं, एवढ्यावर तुम्ही हातात धरून खेळायचा कन्सोल बनवलात. ब्रेडबोर्डवर, लॅपटॉपच्या यूएसबीवर गेम व्यवस्थित चालला. मग बेळगावच्या उद्यमबागेतून ॲक्रिलिक कापून आणलं, सगळं खोक्यात बसवलं, बॅटरी जोडली आणि तिथून त्रास सुरू झाला. कधी चालू करताच पडदा नुसता पांढरा. कधी खेळता खेळता पांढरा होतो, पण गेमचा आवाज चालूच राहतो. आवाज वाढवला की चित्रावर आडवे पट्टे. डिस्प्ले खराब समजून दुसरा मागवलात, तर त्यावर रंगच उलटे. आता खानापुरात बसून तिसरा मागवायचा का, असं विचारताय.

मागवू नका. तुमच्या वर्णनात डिस्प्ले मेल्याचं एकही लक्षण नाही. दोष पडद्यावर दिसतोय, पण तो पडद्यातच आहे असं म्हणायला आधार नाही. आणि हा एक दोष नसून बहुधा तीन वेगळे दोष एकाच वेळी दिसताहेत: वीज कमी पडणं, ॲम्प्लिफायरचा त्रास आणि दुसऱ्या डिस्प्लेची चुकीची सेटिंग. तिन्ही एकत्र सोडवायला गेलात तर गोंधळ होईल. एकेक वेगळा काढायचा. यातलं बरंचसं तुम्ही वायर नेमकी कुठून कुठे नेली आहे यावर अवलंबून आहे आणि तो फोटो तुम्ही टाकलेला नाही. म्हणून जिथे जिथे "असं असेल तर" म्हणतोय, तिथे आपल्या जोडणीशी ताडून बघा.

आधी पांढऱ्या पडद्याचा अर्थ लावू. या मॉड्यूलमध्ये दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मागून उजेड टाकणारे एलईडी, म्हणजे बॅकलाइट, आणि काचेच्या कडेला चिकटवलेली कंट्रोलर चिप, म्हणजेच आयएलआय९३४१. बॅकलाइटला कोणतीही आज्ञा लागत नाही, वीज मिळाली की तो पेटतो. कंट्रोलरला मात्र सुरुवातीला आज्ञांची एक मालिका पाठवावी लागते: झोपेतून उठ, रंग सोळा बिटांत घे, दिशा अशी ठेव, पडदा चालू कर. ती मालिका पोचली नाही, किंवा पोचल्यावर चिप पुन्हा रीसेट झाली, तर काचेवर काहीच उमटत नाही. साध्या, टीएन प्रकारच्या काचेला वीज नसली की ती उजेड आरपार जाऊ देते, म्हणून पडदा पांढरा दिसतो. आयपीएस प्रकारची काच उलट वागते, तिथे हाच दोष काळ्या पडद्याच्या रूपात दिसतो आणि अंधारात बघितलं तर मागचा मंद उजेड जाणवतो. म्हणजे तुमचा पांढरा पडदा सांगतोय ते इतकंच: बॅकलाइटला वीज आहे, कंट्रोलर झोपलेला आहे.

आता तुमच्या वर्णनातलं सगळ्यात कामाचं वाक्य घ्या: पडदा पांढरा होतो पण आवाज चालू राहतो. म्हणजे ईएसपी३२ बंद पडलेला नाही, रीसेटही झालेला नाही. तो चित्राचा डेटा पाठवतोच आहे. फक्त डिस्प्लेचा कंट्रोलर मध्येच रीसेट झाला, सुरुवातीची सेटिंग विसरला, आणि त्याला ती पुन्हा कोणी सांगितली नाही. याची खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. कोडमध्ये एक बटण असं ठेवा की ते दाबल्यावर फक्त डिस्प्ले सुरू करण्याचं फंक्शन पुन्हा चालेल आणि लगेच पूर्ण पडदा नव्याने काढला जाईल. बाकी गेमला हात लावायचा नाही. पडदा पांढरा झाला की ते बटण दाबा. चित्र परत आलं, तर डिस्प्ले, वायर आणि कोड तिन्ही शाबूत आहेत, क्षणभर व्होल्टेज खाली गेला किंवा रीसेटच्या वायरवर झटका आला. चित्र आलं नाही, तर वायर सुटली आहे, किंवा वीज अजूनही कमीच आहे. या एका बटणाने अर्धा शोध संपतो, म्हणून मीटर हातात घेण्याआधी हेच करा.

माझा पहिला संशय विजेवर आहे, आणि त्याला हिशोबाचा आधार आहे. डेव्हकिट बोर्डांवर बहुतेक वेळा एएमएस१११७ हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप, असतो. त्याला काम करायला आत येणारा व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा साधारण १.१ व्होल्टने जास्त लागतो. म्हणजे ३.३ मिळवायला किमान ४.४ हवेत. यूएसबीचे ५ व्होल्ट असतात तेव्हा काहीच अडचण नाही. पण टीपी४०५६ चं आउटपुट म्हणजे थेट सेलचाच व्होल्टेज, तो पूर्ण चार्जला ४.२ आणि वापरात ३.७ च्या आसपास. तो तुम्ही बोर्डच्या व्हीआयएन (वीज आत घेणाऱ्या) किंवा ५ व्होल्टच्या पिनवर दिला असेल, तर भरलेल्या सेलवर ३.१ च्या आसपास आणि थोड्या वापरानंतर २.६ व्होल्टच पुढे जातात. ईएसपी३२ मॉड्यूलला ३.० ते ३.६ हवे असतात. त्याखाली तो लगेच बंद पडत नाही, कारण त्याचा ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज फार खाली गेला की चिप रीसेट करणारी सोय) अडीच व्होल्टच्याही किंचित खाली जागा होतो. मधल्या पट्ट्यात तो कसाबसा चालत राहतो. चार्ज करून आणल्यावर थोडा वेळ चांगलं चालतं आणि मग बिघडतं, असं होत असेल तर हेच कारण.

त्यात डिस्प्लेच्या बोर्डवरचा जे१ नावाचा जंपर बघा. लाल रंगाच्या या मॉड्यूलच्या मागच्या बाजूला दोन छोटे पॅड असतात, शेजारी पांढऱ्या अक्षरात जे१ लिहिलेलं. हे पॅड सुटे असतील तर मॉड्यूलला ५ व्होल्ट द्यावेत असं गृहीत आहे, तो आपल्या छोट्या रेग्युलेटरमधून स्वतःचे ३.३ तयार करतो. पॅड सोल्डरने जोडलेले असतील तर तो रेग्युलेटर बाजूला पडतो आणि व्हीसीसीवर, म्हणजे डिस्प्लेच्या विजेच्या पिनवर, ३.३ च द्यायचे, ५ दिले तर कंट्रोलर जळू शकतो. आता समजा, तुमचा जे१ सुटा आहे आणि व्हीसीसी ईएसपी३२ च्या ३.३ च्या पिनवर आहे. तिथे आधीच २.७ आलेले, त्यातून डिस्प्लेचा रेग्युलेटर आणखी थोडे खाणार. आयएलआय९३४१ ला किमान २.५ लागतात. म्हणजे आपण अगदी उंबरठ्यावर उभे आहोत, ॲम्प्लिफायरने जरा जास्त करंट ओढला की कंट्रोलर खाली. ईएसपी३२ टिकतो, डिस्प्ले पडतो, आवाज चालू राहतो. तुमचं वर्णन यात चपखल बसतं.

हे सिद्ध कसं करायचं? स्वस्त मीटरवर मिलीसेकंदाचा खड्डा दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. तरीही डिस्प्लेच्या व्हीसीसी आणि ग्राउंड पिनवर, म्हणजे अगदी मॉड्यूलच्या पायाशी, गेम चालू असताना माप घ्या. बोर्डच्या टोकाला घेतलेलं माप इथे कामाचं नाही. स्थिर माप ३.१ च्या खाली असेल तर पुढे शोधायची गरजच नाही. ते ठीक असेल तर बदलून बघायची पद्धत वापरा: सेल काढा, मोबाईलच्या चांगल्या चार्जरचे ५ व्होल्ट व्हीआयएनवर द्या, बाकी सगळं खोक्यात तसंच ठेवा. यात जे१ आणि डिस्प्लेचा व्हीसीसी कुठे आहे हे आधी बघून घ्या. व्हीसीसी बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनवर आणि जे१ जोडलेला असेल तर ही चाचणी करू नका. चार्जरवर त्रास गेला तर दोष सेल, स्विच, वायर किंवा रेग्युलेटर या साखळीत आहे. सोबत कोडच्या सुरुवातीला रीसेटचं कारण छापणारी एक ओळ घाला, ईएसपी३२ मध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउट असं आलं की प्रश्न मिटला.

साखळीतला स्विच सहसा कोणी तपासत नाही. खेळण्यातल्यासारखा छोटा सरकता स्विच असेल तर चालू स्थितीत त्याच्या दोन पायांवर मीटर मिलीव्होल्टला लावून बघा. चांगल्या स्विचवर काही मिलीव्होल्टच पडायला हवेत. शंभराच्या आसपास दिसले तर तो बदला. तीच गोष्ट ग्राउंडची: मीटरचं एक टोक सेलच्या ऋण टोकाला, दुसरं डिस्प्लेच्या ग्राउंडला, गेम चालू. ५० मिलीव्होल्टच्या वर गेलं तर ग्राउंडची वायर बारीक आहे किंवा सोल्डरचा डाग कच्चा आहे.

उपाय दोन आहेत. पहिला, एमटी३६०८ सारखं बूस्ट मॉड्यूल घेऊन सेलचे ५ व्होल्ट करायचे आणि ते व्हीआयएनवर द्यायचे. सोपा मार्ग. पण बोर्डला जोडण्याआधी मॉड्यूल एकटं चालू करून मीटरवर ५.० सेट करा, कारण त्याचा स्क्रू नवीन असताना कुठे फिरवलेला असेल सांगता येत नाही आणि ते २० व्होल्टच्याही वर जाऊ शकतं. दुसरा, कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर, उदाहरणार्थ एपी२११२के-३.३, सेल आणि बोर्डच्या ३.३ पिनच्या मध्ये. तो ६०० मिलीअँपिअर देतो आणि पूर्ण भारावरही त्याला पाव व्होल्टच्या आसपासच जादा लागतो. सेल ३.५-३.६ पर्यंत उतरला तरी डिस्प्लेला नीट वीज मिळते, आणि सेलमधला बहुतांश चार्ज त्याच्या वरच वापरला जातो. मी दुसरा निवडेन. बूस्ट करून पुन्हा खाली आणण्यात वीज वाया जाते आणि बूस्टचा स्वतःचा गोंगाट ऑडिओत येतो. मात्र यात एक पथ्य पाळा: ३.३ च्या पिनवर बाहेरून वीज दिलेली असताना यूएसबी लावू नका, दोन रेग्युलेटर एकमेकांवर ढकलतात. प्रोग्रॅम टाकताना सेलचा स्विच बंद ठेवायचा. एचटी७३३३ नावाचा स्वस्त रेग्युलेटर मात्र इथे घेऊ नका, तो २५० मिलीअँपिअरचाच आहे. बॅकलाइटच ६० ते ८० खातो, आणि वाय-फाय चालू असेल तर ईएसपी३२ साठी ५०० ची तयारी ठेवा असं उत्पादकच सांगतो. गेमला वाय-फाय लागत नसेल तर कोडमध्ये ते बंदच करा.

रेग्युलेटर कोणताही असो, डिस्प्लेच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. जवळ म्हणजे सेंटिमीटरभर अंतरात. चार बोटं लांब वायरच्या टोकाला लावलेल्या कपॅसिटरचा फायदा वायरच खाऊन टाकते.

रीसेटची वायर कुठे आहे तेही बघा. डिस्प्लेचा रीसेट थेट ३.३ ला बांधला असेल, तर हळूहळू चढणाऱ्या विजेवर चिप नीट रीसेट होईलच याची खात्री नाही. चालू करताच कधी पांढरा, कधी चांगला, असा प्रकार यातूनच येतो. तो एका जीपीआयओवर, म्हणजे ईएसपी३२ च्या कोडमधून हलवता येणाऱ्या पिनवर, घ्या, १० किलोओहमने ३.३ ला ओढून ठेवा, आणि लायब्ररीच्या सेटिंगमध्ये तोच पिन लिहा. जीपीआयओ ४ चालेल. ३४ ते ३९ चालणार नाहीत, ते फक्त इनपुटचे आहेत. ६ ते ११ फ्लॅश मेमरीसाठी गुंतलेले असतात. आणि १२ वर काहीही लावताना सांभाळा: चालू होताना तो वर ओढलेला असला तर ईएसपी३२ फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायला जातो आणि बोर्ड उठतच नाही. अशा वेळी पडदाही पांढराच राहतो आणि माणूस डिस्प्लेला दोष देत बसतो.

आता पट्टे. इथे घाई न करता एक गोष्ट नीट बघा: पट्टा सरकतो की थांबून राहतो? त्यासाठी गेम बाजूला ठेवून एक छोटा प्रोग्रॅम लिहा. तो एकदाच पूर्ण पडदा करड्या रंगाने भरेल, त्यानंतर डिस्प्लेला एकही बाइट पाठवणार नाही, पण ॲम्प्लिफायरवर मोठा आवाज वाजवत राहील. चित्र एकदा कंट्रोलरच्या मेमरीत गेलं की काचेवर ते तिथूनच पुन्हा पुन्हा काढलं जातं, ईएसपी३२ ची गरज नसते. त्यामुळे या स्थितीत पट्टे दिसले आणि आवाजाच्या ठेक्यावर उजेड हलला, तर डेटाचा संबंध नाही, बॅकलाइटची किंवा काचेची वीज हलतेय. करडा रंग स्वच्छ राहिला आणि गेममध्येच पट्टे येत असतील, चुकीच्या रंगाचे, पुढचं चित्र येईपर्यंत जागेवर थांबणारे, तर एसपीआयच्या वायरवर डेटा बिघडतोय.

पहिला प्रकार असेल तर ॲम्प्लिफायरची वीज वेगळी करा. पॅम८४०३ ला ईएसपी३२ च्या ३.३ वरून कधीच घेऊ नका. त्याची धन आणि ऋण दोन्ही वायर थेट टीपी४०५६ च्या आउटपुटपासून स्वतंत्र न्या, आणि त्याच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरड, किमान ६.३ व्होल्टचा कपॅसिटर ठेवा. स्पीकरच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या. स्पीकरची ऋण वायर ग्राउंडला जोडली असेल तर आत्ताच काढा, या ॲम्प्लिफायरची दोन्ही टोकं जिवंत असतात. बॅकलाइटची एलईडी पिन सरळ जीपीआयओवर असेल तर तेही तपासा. मॉड्यूलवर ट्रान्झिस्टर नसेल तर ८० मिलीअँपिअर एका जीपीआयओतून जाणं शक्य नाही, त्याची कमाल मर्यादाच ४० आहे. एओ३४०० सारखा ३.३ वर पूर्ण उघडणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मध्ये घाला, गेटवरून ग्राउंडला १०० किलोओहम. उजेड कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम (वीज वेगाने चालू-बंद करण्याची पद्धत) वापरत असाल तर ५ किलोहर्ट्झ ठेवा. काहीशे हर्ट्झवर डोळ्याला लुकलुक जाणवू शकते आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात तर पट्टेच दिसतात. फक्त कॅमेऱ्यात दिसणारे पट्टे दोष धरू नका.

दुसरा प्रकार असेल तर वायरींची लांबी आणि एसपीआयचा वेग. आयएलआय९३४१ च्या डेटाशीटमध्ये लिहिण्याच्या क्लॉकचं एक आवर्तन किमान १०० नॅनोसेकंदांचं, म्हणजे १० मेगाहर्ट्झ एवढंच आश्वासन आहे. प्रत्यक्षात बरीच मॉड्यूल ४० वर चालतात, म्हणून लायब्ररीच्या उदाहरणांत ४० लिहिलेलं असतं. ब्रेडबोर्डवर ते चाललं, पण खोक्यात तुम्ही वायरी वळवून २०-२५ सेंटिमीटर लांब केल्या असतील आणि त्या स्पीकरच्या वायरीला चिकटून जात असतील, तर तेच ४० आता जमणार नाही. वेग १० वर आणा. पट्टे गेले तर कारण सापडलं. पण १० वर गेम खेळता येत नाही, हिशोब बघा: २४० गुणिले ३२० पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे एका चित्राला १२,२८,८०० बिट. १० मेगाहर्ट्झवर सेकंदाला फार तर ८ चित्रं, २० वर १६, ४० वर ३२. म्हणून वेग कमी करून थांबू नका, वायरी सुधारा आणि पुन्हा वाढवत न्या: २०, मग २७, मग ४०. वायरी १० सेंटिमीटरच्या आत ठेवा, क्लॉकच्या वायरीला लागून एक ग्राउंडची वायर न्या, आणि ईएसपी३२ च्या बाजूला क्लॉकच्या मार्गात ३३ ते ४७ ओहमचा रेझिस्टर घाला. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी खोक्यात वापरू नका, सरळ डाग द्या. पूर्ण पडदा दर वेळी न काढता बदललेला भागच काढलात तर २७ वरही खेळ गुळगुळीत वाटतो.

तुम्ही एसडी कार्डबद्दल काही लिहिलं नाही, पण मॉड्यूलच्या मागे खोबण आहे, म्हणून सांगून ठेवतो. कार्ड आणि डिस्प्ले एकाच एसपीआयवर असतील तर प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळींत दोघांचेही सिलेक्ट पिन (कोणाशी बोलायचं ते ठरवणारे) वर करून ठेवा, मगच कोणा एकाला सुरू करा. आणि डिस्प्लेकडून काही वाचायचं नसेल तर त्याची एसडीओ (डेटा बाहेर देणारी) पिन जोडूच नका. काही मॉड्यूल ती पिन मोकळी सोडत नाहीत आणि कार्डचं वाचन बिघडवतात.

आता दुसऱ्या डिस्प्लेचे उलटे रंग. हा तर मुळीच खराब नाही, चित्र येतंय म्हणजे तो जिवंत आहे. फक्त तो पहिल्यासारखा नाही. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या मॉड्यूलमध्ये कधी टीएन काच असते, कधी आयपीएस, कधी तर आयएलआय९३४१ च्या जागी एसटी७७८९ ही वेगळी कंट्रोलर चिप निघते. दोघांच्या मुख्य आज्ञा सारख्या असल्याने चित्र येतं, पण तपशील चुकतो. "उलटे" म्हणजे नेमकं काय हे ठरवायला पडदा पाळीपाळीने लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असा भरा आणि समोर काय दिसतं ते कागदावर लिहा. काळ्याच्या जागी पांढरा आणि लालच्या जागी आकाशी आला, तर इन्व्हर्शन (सगळे रंग उलटवणारी सेटिंग) बदलायचं. आज्ञा हेक्स २१ ने चालू होतं, २० ने बंद, आणि आयपीएस काचांना बहुतेक वेळा ते चालू लागतं. लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली पण हिरवा, पांढरा, काळा बरोबर असतील, तर रंगांचा क्रम आरजीबीऐवजी बीजीआर करायचा. तो आज्ञा हेक्स ३६ मधला एक बिट आहे, लायब्ररीच्या सेटअप फाइलमध्ये त्याची ओळ असते.

तिसरा प्रकार फसवा आहे. पडदा भरताना सगळे रंग बरोबर, पण गेममधली चित्रं विचित्र रंगांची आणि दाणेदार. इथे सोळा बिटांतले दोन बाइट उलट क्रमाने जाताहेत. ओळखायची खूण हिरवा रंग. शुद्ध हिरवा म्हणजे हेक्स ०७ई०, त्याचे बाइट फिरले की होतो ई००७, म्हणजे बहुतांश लाल आणि थोडा निळा. म्हणून चित्रातलं गवत गुलाबीसर लाल दिसलं तर बीजीआरच्या मागे लागू नका, तिथे हिरवा कधीच बदलत नाही. टीएफटी_ईएसपीआय लायब्ररी वापरत असाल तर बाइट अदलाबदलीचं फंक्शन चालू करा, काम झालं. आणि या लायब्ररीची सेटअप फाइल लायब्ररीच्याच फोल्डरमध्ये असते, अपडेट केलं की तुमचे पिन आणि रंगांची सेटिंग पुसली जाते. कालपर्यंत चालणारा डिस्प्ले अपडेटनंतर पांढरा झाला तर आधी ती फाइल उघडा. तिची एक प्रत प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

चिप कोणती आहे यावरच शंका असेल तर तिलाच विचारता येतं. त्यासाठी तात्पुरती एसडीओ जोडून, वेग ५ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवून, आज्ञा हेक्स डी३ ने ओळख वाचा. आयएलआय९३४१ असेल तर उत्तरात ९३ आणि ४१ हे बाइट येतात. सगळे शून्य किंवा सगळे एफएफ आले तर आधी एसडीओची जोडणी आणि वायरी तपासा, तरच चिपबद्दल काही म्हणता येईल.

खोका बंद केल्यावरच त्रास होतो आणि उघडा असताना नाही, असं असेल तर कारण दाबात आहे. समोरच्या ॲक्रिलिकचे चारही स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल करून बघा. चित्र सुधारलं तर काच किंवा तिची पट्टीसारखी फ्लेक्स केबल दाबली जातेय. काचेच्या कडेला फक्त बाहेरच्या चौकटीवर टेकेल अशी मिलीमीटरभर जाडीची फोमची पट्टी लावा. मॉड्यूलच्या मागे बाहेर आलेली सोल्डरची टोकं सेलला किंवा स्विचच्या पत्र्याला टेकत नाहीत ना हे बघा आणि मध्ये पिवळी कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी) द्या. पाऊच सेल (मऊ पाकिटासारखा सेल) असेल तर ती टोकं त्यात घुसणं हा डिस्प्लेपेक्षा मोठा धोका आहे, तिथे कडक प्लास्टिकचा तुकडा मध्ये हवाच.

तुम्ही खानापूरचे, म्हणून पावसाचं वेगळं सांगतो. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे हवेत जो ओलावा असतो, कणकुंबीच्या बाजूला तर विचारायलाच नको, त्यात न पुसलेला फ्लक्स (सोल्डरिंगची राळ) पाणी धरतो. डागांच्या मधे चिकट पिवळा थर राहिला असेल तर रीसेटसारख्या १० किलोओहमने ओढलेल्या वायरीवरही त्यातून गळती होऊ शकते, आणि पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बोर्ड धुवा, नीट वाळू द्या, मगच खोका बंद करा. काचेवर मात्र तो लावू नका, वरची पोलरायझरची फिल्म खराब होऊ शकते. सोल्डरिंग आयर्न दोन पिनचा असेल आणि घरात अर्थिंग नीट नसेल, तर डिस्प्लेच्या पायांना डाग देताना आयर्न तापवून प्लग काढा आणि तेवढ्यात डाग द्या. टोकावर येणारी गळतीची वीज कंट्रोलर मारू शकते.

डिस्प्ले खरोखर गेला हे कधी मानायचं? काचेत शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल. किंवा पाचही रंगांनी पडदा भरताना एकाच जागी एका पिक्सेलची रेघ कायम राहत असेल आणि फ्लेक्स हलवली तरी बदलत नसेल, तर ती काचेवरची जोडणी तुटली आहे, घरी दुरुस्त होत नाही. किंवा योग्य विजेवरही कडेची चिप बोट टेकवता येणार नाही इतकी तापत असेल. यांपैकी काही असेल तेव्हाच पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा बंगळूरच्या एस. पी. रोडवरून नवा मागवा, आणि मागवताना नुसतं "२.८ इंची" म्हणू नका की. ड्रायव्हर चिपचं नाव, टीएन की आयपीएस, आणि पिनांचा क्रम, तिन्ही विचारून घ्या. तुमच्या खोक्याची भोकं त्या क्रमावर पाडलेली आहेत.

कामाचा क्रम असा ठेवा: पहिला डिस्प्ले परत बसवा, दुसरा सध्या बाजूला. ॲम्प्लिफायरची वीज काढा. पुन्हा सुरू करणारं बटण कोडमध्ये घाला. मग खेळून बघा आणि इथे चार गोष्टी लिहा: सेलवरचा व्होल्टेज, त्याच वेळी डिस्प्लेच्या व्हीसीसीवरचा व्होल्टेज, जे१ जोडलेला आहे की सुटा, आणि बटण दाबल्यावर चित्र परत आलं की नाही. सोबत खोका उघडून वायरींचा एक सरळ वरून काढलेला फोटो टाका, ज्यात टीपी४०५६ ची आउटपुट वायर बोर्डच्या कोणत्या पिनला जाते ते स्पष्ट दिसेल.